दोन अंशांवरचं पापलेट

आमच्या जीपमध्ये दोन बॅटऱ्या आहेत. गाडी चालवायला एक पुरते हे मला माहीत आहे, आणि गेल्या हिवाळ्यापासून ते मला सांगितलं नाही असा माणूस आखातातल्या आमच्या गल्लीत उरलेला नाही. पण दुसरी बॅटरी गाडीची नाहीच. ती माशाची आहे. हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत लिहितो आहे. ज्याला हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्यावं, कारण पुढे मी जिंकणार आहे.

सुरुवात सासऱ्यांच्या घरी झाली. त्यांना मी काका म्हणतो. सगळी गल्ली त्यांना नाखुदा, म्हणजे गलबताचा कप्तान, म्हणते, कारण त्यांची चाळीस वर्षं गलबतांवर गेली. सासूबाई मात्र वाळवंटातल्या. या दोघांचा संसार एका तहावर चालला होता. दर हिवाळ्यात तीन दिवस काकांनी वाळवंटात तंबूत राहायचं, आणि त्या बदल्यात तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी त्यांना तिथेच पापलेट रांधून घालायचं. मासा नेण्याचं काम माझ्या लग्नानंतर माझ्याकडे आलं. बरीच वर्षं बर्फाच्या पेटीवर निभावलं. शेवटच्या वर्षी निभावलं नाही. पेटीचं झाकण नीट बसलं नव्हतं. शनिवारी दुपारी मी ती उघडली आणि तंबू रिकामा झाला.

सासूबाई पोट धरधरून हसल्या आणि त्यांनी कांदा-टोमॅटोचा भात केला. चार महिन्यांनी त्या गेल्या. त्यांच्या शेवटच्या सहलीत मासा नव्हता, आणि तो माझ्यामुळे नव्हता. काका याबद्दल मला कधी एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून काका मशीद आणि घर एवढंच करत. गेल्या जानेवारीत माझी बायको लुलवा त्यांच्यापुढे बसली आणि म्हणाली, "बाबा, यंदा चला. पाऊस चांगला झालाय. आईला आवडायची ती पिवळी फुलं आलीत म्हणे."

"तिकडे मासा नसतो," काका म्हणाले आणि जपमाळ ओढत राहिले.

लुलवाचा चेहरा पडला. तो मला बघवला नाही म्हणा किंवा माझी जीभ माझ्या ताब्यात नाही म्हणा, मी बोलून गेलो, "काका, सहलीच्या शनिवारी दुपारी ताजं पापलेट तुमच्या ताटात असेल."

काकांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "गोठवलेलं लाकूड मी खात नाही, मुसाइद."

"गोठवलेलं नाही. ताजं."

"निवडणार मी. निघायच्या आदल्या दिवशी, बुधवारी. आणि खूण करणार, म्हणजे शनिवारी सकाळी कुणी शहरात पळून दुसरं आणायला नको."

कोपऱ्यात माझा मेहुणा, लुलवाचा भाऊ बर्राक बसला होता. बर्राककडे मोठी गाडी आहे, मोठा जनरेटर आहे आणि मोठं हसू आहे. त्याने त्यातलं तिसरं काढलं.

मी सरकारी नोकर आहे. जुन्या फायली सांभाळणं हे माझं काम. कुठल्याही गोष्टीची फाईल उघडल्याशिवाय ती सुरू झाली असं मला वाटत नाही. त्या संध्याकाळी मी फाईल उघडली, वर लिहिलं 'विषय : मासा', आणि दुसऱ्या दिवशी गाडीत चालणारा फ्रिज विकत आणला. छोटासा, दोन हातांनी उचलता येईल असा, वर थंडीचा आकडा दाखवणारी काच. दुकानदार म्हणाला, "जीपमध्ये सिगारेट पेटवायचं भोक असतं ना, त्यात वायर खुपसा. झालं." असं 'झालं' म्हणणारी माणसं आयुष्यात नंतर कधी सापडत नाहीत.

रात्री फ्रिजमध्ये ताकाच्या सहा बाटल्या ठेवल्या, वायर खुपसली आणि जीप दारात लावून झोपलो. सकाळी ताक कोमट. किल्ली काढली की ते भोकही झोपतं, ही गोष्ट मला फ्रिजनेच शिकवली.

संध्याकाळी मी हा प्रश्न अबू मिशारींच्या दिवाणखान्यात मांडला. गल्लीतले पुरुष रोज तिथे जमतात. अबू मिशारी वीज खात्यातून निवृत्त झालेत. ते बिलं विभागात होते, पण विजेवरचा शेवटचा शब्द गल्लीत त्यांचाच असतो. आमच्याकडे माणसाला मुलाच्या नावाने हाक मारतात, बापाला अबू आणि आईला उम्म; राकान हा माझा मुलगा. त्यांनी डोळे मिटले आणि निकाल दिला.

"अबू राकान, इंजिन चालू ठेव."

"रात्रभर?"

"आपल्याकडे इंजिन बंद करतं कोण? तू भाजीला जातोस तेव्हा करतोस? बँकेत जातोस तेव्हा? मग माशानेच काय पाप केलंय?"

यात तथ्य होतं. आम्ही दुकानाबाहेर हॉर्न वाजवून चहा गाडीतच मागवणारे लोक. इंजिन बंद करणं म्हणजे मुक्कामच ठोकणं. म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून आल्यावर मी जीप दारात लावली, इंजिन चालू ठेवलं, आणि आकडा कुठे जातो ते लिहून घ्यायला आत बसलो. दर पंधरा मिनिटांनी नोंद. लुलवाने चहा गाडीतच आणून दिला. जेवणही तिथेच दिलं. तिसऱ्या दिवशी तर तिने उशीही दिली, कारण माझी मान अवघडली होती.

त्याच संध्याकाळी नमाजानंतर अबू मिशारी आणि गल्लीतले आणखी दोन वडीलधारे जीपच्या काचेशी आले. तिघांच्या चेहऱ्यावर मयतीला जातानाचं गांभीर्य होतं.

"बाळा," अबू मिशारी म्हणाले, "संसारात भांड्याला भांडं लागतं. पण बायकोने घराबाहेर काढलं तरी माणसाने असं चव्हाट्यावर जेवू नये."

"मला कुणीही काढलेलं नाही. मी ताक थंड करतोय."

"हो, हो," दुसरे वडीलधारे म्हणाले. "सगळे असंच काहीतरी सांगतात."

मी समजावत होतो तोवर तिसऱ्यांनी बेल वाजवली होती. लुलवा बाहेर आली. अबू मिशारींनी तिला सांगितलं की मी पस्तावलोय आणि आत यायला तयार आहे. माझ्या बायकोत काही गुण आहेत, पण अशा वेळी नवऱ्याची बाजू घेणं हा त्यातला नाही. ती म्हणाली, "तुमच्या शब्दाखातर घेते आत." तिघांनी माझं अभिनंदन केलं. इंजिन बंद करायला लावून, खांद्याला धरून मला माझ्याच घरात पोचवलं. ताक पुन्हा कोमट झालं.

झाल्या प्रकाराची भरपाई म्हणून अबू मिशारींनी स्वतःच्या हाताने जीपच्या पोटात एक वायर जोडली. आता किल्ली काढली तरी भोक जागं राहणार होतं. राहिलंही. इतकं जागं राहिलं की सकाळी फ्रिज मस्त गार होता आणि जीप मेली होती. फ्रिजने रात्रभरात तिची बॅटरी शोषून घेतली. मला बर्राकला फोन करावा लागला. तो आला, त्याच्या बॅटरीतून माझ्या बॅटरीला वीज पाजली आणि तेवढ्या वेळात तीन जणांना फोन करून ही बातमी दिली. त्यातले एक काका होते.

ऑफिसला पोचायला पन्नास मिनिटं उशीर झाला. आमच्याकडे हजेरी अंगठ्याने लागते आणि अंगठ्याला सबबी सांगता येत नाहीत. उशिराच्या फॉर्मवर कारणांचे रकाने होते : आजार, मृत्यू, अपघात, इतर. मी प्रामाणिक माणूस आहे. 'इतर'पुढे लिहिलं, 'मासा थंड ठेवण्याचा प्रयोग.' चार दिवसांनी फॉर्म परत आला : 'पुरावा जोडावा.' मी थंडीच्या नोंदींचा कागद जोडला. मग अर्ज नामंजूर झाला. नामंजूर कागद कायमचे जपून ठेवण्याचं काम आमच्या खात्याचं, म्हणजे माझं. माझी बेअब्रू मी स्वतःच्या हाताने नंबर घालून कपाटात लावली.

एव्हाना मासे घ्यायचा बुधवार नऊ दिवसांवर आला होता. आता सल्ले बंद आणि कारागीर सुरू, असं ठरवून मी कारखान्यांच्या वस्तीत उस्ता गिर्गिसकडे गेलो. हा इजिप्तचा माणूस, गाड्यांच्या विजेचं काम करणारा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला 'बाशा', म्हणजे साहेब, म्हणणारा. त्याने बोनेट उघडलं, अबू मिशारींची वायर पाहिली आणि ती दोन बोटांत धरून वर उचलली.

"बाशा, हे कुणी केलं?"

"वीज खात्यातल्या एका मोठ्या माणसाने."

"देव त्यांना निवृत्तीत सुखी ठेवो." त्याने वायर उपटली. "हे बघा. या वायरीतून मुंगीसुद्धा वाकून जाईल. फ्रिजपर्यंत वीज पोचेतो अर्धी गळते. फ्रिजला वाटतं बॅटरी उतरली, म्हणून तो मधूनच बंद पडतो. आणि बंद नाही पडला तर गाडी मारतो. तुम्हाला दुसरी बॅटरी पाहिजे."

"दुसरी?"

"एक गाडीची, एक माशाची. दोघी एका घरात, पण चुली वेगळ्या. इंजिन चालू असेल तेव्हा दोघींना खायला मिळेल. इंजिन बंद झालं की मधला दरवाजा आपोआप बंद. मग मासेवालीने कितीही खर्च केला तरी घरवालीच्या डब्याला हात लावायचा नाही."

आयुष्यात मला इतकं स्वच्छ कुणी समजावलं नव्हतं. उस्ताने मागच्या भागात बॅटरी बोल्टने बसवली, अंगठ्याएवढी जाड वायर ओढली आणि त्यात फ्यूज टाकला. त्या रात्री फ्रिज पहाटेपर्यंत दोन अंशांवर होता आणि सकाळी जीप एका हाकेत उठली. मी ताकाची बाटली घेऊन दारात उभा राहिलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाजली.

हा आनंद तीन दिवस टिकला. मग लक्षात आलं की जीपची वार्षिक तपासणी त्याच आठवड्यात आहे आणि ती झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढता येणार नाही. तपासणीवाल्याने मागचं दार उघडलं.

"हे काय?"

"बॅटरी."

"बॅटरी पुढे पाहिली मी."

"ती गाडीची. ही माशाची."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "बोल्टने बसवलीय. म्हणजे फेरफार. फेरफाराला मान्यताप्राप्त गॅरेजचा दाखला लागतो."

"तो कसा मिळेल?"

"आमचा तपासणीत पास झाल्याचा कागद दाखवलात की."

सरकारी नोकराला अशा वेळी राग येत नाही, घरच्यासारखं वाटतं. मी विचारलं, "आणि बोल्ट नसते तर?"

त्याने वाकून बोल्ट पाहिले. "बोल्ट नसते तर ते सामान. सामानाचं मला काय."

"आणि ही वायर?"

"सामानाची वायर."

मी बाजूच्या टॅक्सीवाल्याकडून पाना मागून घेतला, तपासणीच्या आवारातच चार बोल्ट काढले आणि पुन्हा रांगेत उभा राहिलो. जीप पास झाली. फाटकाबाहेर येऊन चारही बोल्ट पुन्हा बसवले. तपासणीवाला खिडकीतून बघत होता. त्याने हात हलवला, मीही हलवला.

बुधवारी संध्याकाळी काका मासळी बाजारात आले. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदा ते इतके लांब आले होते. त्यांनी पाऊण तास पापलेटांचे डोळे तपासले, त्यांतली सहा निवडली, साफ करून घेतली आणि मग खिशातून लाल दोरा काढून प्रत्येकाच्या शेपटीच्या मुळाशी एक गाठ मारली.

"ही गाठ आमच्या वेळी समुद्रावर तिघांनाच यायची," ते म्हणाले. "दोघे वारले."

गुरुवारी दुपारी आम्ही निघालो. बर्राक आपल्या गाडीतून पुढे, आम्ही मागे. काका माझ्या शेजारी बसले होते, पण त्यांची मान सारखी मागे फ्रिजच्या काचेकडे वळत होती. दोन अंश. शहर संपलं, दोन अंश. डांबर संपलं, दोन अंश. पिवळी फुलं दिसू लागली तेव्हा काकांनी खिडकी उघडली आणि बराच वेळ बाहेर पाहत राहिले. लुलवा मागे बसून डोळे पुसत होती.

तंबू उभा राहतो न राहतो तोच शेजारच्या मुक्कामावरून एक म्हातारा कहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची, किटली घेऊन आला. अबू शाफी हे त्याचं नाव. दोनशे चाळीस मेंढ्यांचा धनी. काकांनी त्याला बसवलं. पहिला पेला झाला, दुसरा झाला, आणि त्याची नजर उघड्या जीपमधल्या फ्रिजवर गेली. तो उठला, झाकणावर हात ठेवला, काचेतला आकडा पाहिला.

"माशाल्ला," तो म्हणाला. "कसली छान वस्तू आहे, बाबा."

आता आमच्याकडे पाहुण्याने वस्तूची तारीफ केली की 'तुमचीच आहे, घेऊन जा' असं म्हणायचंच असतं. आणि पाहुण्याने 'तुम्हालाच लाभो' असं म्हणायचंच असतं. या हिशेबाने मी आजवर तीन घड्याळं, एक गालिचा आणि एकदा बोलण्याच्या भरात कपडे धुण्याचं यंत्र देऊन टाकलेलं आहे. सगळं अजून घरीच आहे. शिवाय त्या दिवशी माझी छाती फुगलेली होती. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच कुणीतरी फ्रिजला बरं म्हणालं होतं.

"अबू शाफी, तुमचाच आहे," मी म्हणालो. "घेऊन जा."

म्हाताऱ्याने फ्रिजवरचा हात छातीवर ठेवला. त्याचे डोळे भरून आले. "अल्लाने पाठवलं तुला," तो म्हणाला. "मेंढ्यांच्या लशीच्या बाटल्या आजच मिळाल्या. शनिवारी सकाळी डॉक्टर येणार टोचायला. सकाळी माझा जनरेटर बसला, पोरं सुटा भाग आणायला शहरात गेलीत, आणि बर्फ संपत आलाय. बाटल्या तापल्या तर सगळी मेहनत पाण्यात. घेतो, बाबा. तुझा शब्द मोडत नाही."

बर्राकसुद्धा हसला नाही. अबू शाफीने फ्रिज उचलायला हात घातला आणि वायर ताणली गेली.

"याचं शेपूट?"

"ते जीपला बांधलंय," मी म्हणालो.

"मग जीपही आणावी लागेल," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. तो नुसती अडचण सांगत होता.

मी काकांकडे पाहिलं. आत सहा पापलेटं होती, शेपट्यांना लाल गाठी. काका म्हणाले, "शब्द दिलास?"

"दिला."

"मग चल." ते उठले, काठी घेतली आणि जीपमध्ये जाऊन बसले. "माझे मासे जिथे, तिथे मी."

अशा रीतीने सासऱ्यांना वाळवंटात घेऊन आल्यावर तासाभरात मी त्यांना शेजाऱ्याच्या मुक्कामी पोचवून आलो. चालत परतलो तेव्हा लुलवा कमरेवर हात ठेवून उभी होती.

"म्हाताऱ्याच्या बाटल्या इथे आणून आपल्याच फ्रिजमध्ये ठेवल्या असत्या तर?"

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आणि आता सुचवणं म्हणजे दिलेली वस्तू परत मागणं. मी आत जाऊन पडलो.

शुक्रवारी सकाळी मी बघायला गेलो तर काचेत तीन अंश आणि बाजूला लाल दिवा. जीप कालपासून जागची हललेली नव्हती, मासेवाली उपाशी होती. बर्राकने आपला जनरेटर देऊ केला, पण अबू शाफी म्हणाला की मेंढ्या गाभण आहेत, त्या आवाजाने बिथरतील. राहिला एकच उपाय. मी जीपमध्ये बसलो, इंजिन चालू केलं आणि वही काढली. दर पंधरा मिनिटांनी नोंद. दीड तासाने अबू शाफी काचेशी आला, खजुराची थाळी आत दिली आणि खाली वाकून हळूच म्हणाला, "बायकोशी भांडलास का रे? मी जाऊन बोलू?"

दोन तासांनी आकडा पुन्हा दोनवर आला आणि लाल दिवा विझला. त्यानंतर मी सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास जीपमध्ये बसलो. मुक्कामावरच्या बायका माझ्याकडे दयेने पाहत आणि दर खेपेला काहीतरी खायला पाठवत.

काका दोन दिवस अबू शाफीच्या तंबूतच राहिले. लुलवाच्या जिवाला घोर लागला होता. शुक्रवारी दुपारी ती भाताचं पातेलं ढवळत होती आणि एकदम तिचा हात थांबला. वाऱ्यावर पलीकडच्या तंबूतून आवाज येत होते. समुद्र मोठा की वाळवंट, यावर दोन म्हातारे हमरीतुमरीवर आले होते. अबू शाफी म्हणत होता की वाळवंटात निदान तळ तरी पायाखाली असतो. मग एक लांब, खरखरीत, ठसका लागल्यासारखा आवाज आला.

"बाबा हसतायत," लुलवा म्हणाली. भात खाली लागला, पण आम्ही दोघंही उठलो नाही.

शनिवारी सकाळी जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी बाटल्यांमध्ये आपला थर्मामीटर धरला आणि विचारलं, "हे कुणी सांभाळलं?" अबू शाफीने जीपमधून मला बाहेर बोलावलं. डॉक्टर म्हणाले, "बरोबर दोन. रानात मला कुणी इतक्या नीट ठेवलेल्या बाटल्या दिल्याचं आठवत नाही." मी वही पुढे केली. त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली. माझ्या नोंदी आजवर कुणी पूर्ण वाचल्या नव्हत्या. दोनशे चाळीस मेंढ्या अकरा वाजेपर्यंत टोचून झाल्या.

मग अबू शाफी, काका आणि जीप अशी मिरवणूक आमच्या तंबूकडे आली. अबू शाफीने फ्रिजच्या झाकणावर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, तुम्हालाच लाभो." दोन दिवस उशिरा, पण अगदी तेच उत्तर.

काकांनी स्वतः झाकण उघडलं. एकेक पापलेट काढून त्यांनी लाल गाठी तपासल्या. सहाच्या सहा. मग डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं, वास घेतला. बर्राक पुढे झुकला होता. काकांनी मासे लुलवाच्या हातात दिले. तिने आईच्या पद्धतीने वाळलेलं लिंबू घालून मसाल्याचा भात केला आणि वर तळलेली पापलेटं मांडली. मोठ्या परातीभोवती आम्ही सगळे बसलो. अबू शाफी काकांच्या उजवीकडे. त्याने मासा खाल्ला, चावला आणि म्हणाला, "हे एवढं एक समुद्राचं मी मान्य करतो."

काकांनी डोक्यामागचा जाड, काटे नसलेला तुकडा अलगद सोडवला. हा तुकडा ते दर वर्षी पहिल्यांदा सासूबाईंपुढे ठेवत. मग हात लांबवून त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला.

"उम्म बर्राकचा आहे," ते म्हणाले. "तिचा राहिला होता. तू खा."

मी खाल्ला. त्याची चव कशी होती ते मला सांगता येणार नाही, कारण तो मी न चावताच गिळला आणि मला ठसका लागला. बर्राक पाणी द्यायला सगळ्यांत आधी उठला, हेही फाईलमध्ये नोंदवून ठेवलं आहे.

कहवा झाला. काका जीपपाशी गेले, फ्रिजला काठी टेकवली आणि म्हणाले, "वस्तू छान आहे."

दोन दिवसांत मी काहीच शिकलो नव्हतो. "काका, तुमचीच आहे," मी म्हणालो.

काकांनी मान डोलावली. 'तुम्हालाच लाभो' हे दुसरं वाक्य ते बोललेच नाहीत.

तेव्हापासून हवा तापेपर्यंत दर गुरुवारी दुपारी मी ऑफिसमधून निघून काकांच्या दारी जीप लावत असे. काका आधीच बाहेर उभे असत, हातात मासळीची पिशवी, खिशात लाल दोरा. अबू शाफीच्या तंबूपर्यंत ते समुद्राच्या बाजूचे नवे मुद्दे जुळवत बसत. फ्रिज त्यांचा, मासे त्यांचे आणि बहुतेक जीपही त्यांचीच. पण थंडीचं बटण मुसाइदशिवाय दुसऱ्या कुणी फिरवायचं नाही, असं त्यांनी बर्राकसकट सगळ्यांना बजावून ठेवलं आहे.